सुलतान काय खातो

जतमध्ये कुत्रं पाळण्यासाठी पूर्वी माणसाला काही करावंच लागत नसे. कुत्रंच माणूस निवडायचं. कुठून तरी यायचं, पायरीखाली बसायचं, शिळ्या भाकरीचा एक तुकडा पडला की थांबायचं आणि दुसरा पडला की त्या घराच्या वतीनं गल्लीवर भुंकायला लागायचं. नावं ठरलेली : मोत्या, वाघ्या, राजा. रानातल्या वस्तीवर असलं तर राखणीचं काम. मेंढ्यांमागं असलं तर लांडग्याशी गाठ, म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा. त्याचा वाढदिवस, वंश किंवा पोटाच्या तक्रारी यांची कुणी चौकशी केल्याचं ऐकिवात नाही. आणि ते काय खातं हे तर बघायचंच नाही, असा सगळ्या तालुक्यात एक समंजस करार होता.

हा करार आमच्या कॉलनीत मोडला तो अण्णा गुरुजींच्या सुलतानामुळे.

गुरुजी हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि शिस्त लावायला हाताशी कुणी उरलं नाही. वैनींनी या वयात शिस्त लावून घ्यायला साफ नकार दिला. मग मुधोळकडून दीड महिन्याचं कारवान जातीचं पिल्लू आलं. जत हा तसा या कुत्र्याचाच मुलूख. इकडं सांगली, तिकडं अथणी-विजापूर, पलीकडं बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ, या पट्ट्यात हे लांब तोंडाचं, आत गेलेल्या पोटाचं, वाऱ्याला कापत पळणारं कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या आहे. एका केनेल क्लबच्या दप्तरात ते कॅरव्हान हाउंड म्हणून लागलंय, दुसऱ्याच्या दप्तरात मुधोळ हाउंड म्हणून. सीमाप्रश्न कुत्र्यापर्यंत पोचलाय तो असा. टपाल खात्यानं २००५ साली त्याच्यावर तिकीट काढलं, लष्करानं त्याला प्रशिक्षणासाठी मेरठला नेलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं नाव घेतलं. पिल्लू विकणारा माणूस आता पहिल्याच वाक्यात पंतप्रधानांना आणतो. किमतीचा विषय त्यानंतर निघतो, त्यामुळं घासाघीस करणं देशद्रोहासारखं वाटतं.

असं हे तिकिटावरचं कुत्रं. गुरुजी येईल त्याला त्याचा इतिहास सांगत. एका रविवारी व्याही-विहीणबाई आल्या होत्या. अंगणात खुर्च्या मांडलेल्या. गुरुजी ‘राजघराण्यांनी पाळलेली जात आहे ही’ या वाक्यावर आले असताना सुलतानानं कुंपणाशी आपलं उरकलं, दोन पावलं पुढं गेला, काहीतरी राहिल्यासारखा थांबला, वळला, वास घेतला आणि शांतपणे, राजघराण्याला शोभेल अशा सावकाशीनं, सगळं खाऊन टाकलं. मग येऊन विहीणबाईंचा हात चाटला.

विहीणबाईंच्या दुसऱ्या हातात पोह्यांची बशी होती. ती तशीच आत गेली.

यानंतर कॉलनीत जे झालं त्याला तोड नाही. सुलतानाला कुठल्या लशी झाल्यात, कुठल्या राहिल्यात, हे तोवर कुणी विचारलं नव्हतं, नंतरही नाही. पण त्या रविवारच्या प्रसंगावर उपाय मात्र प्रत्येकाकडं होता. आपल्याकडं दुसऱ्याच्या आजारापेक्षा दुसऱ्याच्या लाजेवर जास्त औषधं निघतात. कुणी म्हणालं, पदार्थावर तिखट टाका. गुरुजींनी टाकलं. जतचा वारा दुपारी कुणाचा नसतो. तिखट गुरुजींच्या डोळ्यांत गेलं आणि सुलतान तिखट न लागलेल्या बाजूनं खाऊन मोकळा झाला. कुणी म्हणालं, अननस चारा, म्हणजे नंतर चव बिघडते. सांगलीच्या बाजारातून अननस आला. सुलतानानं अननस आवडीनं खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी त्याची पुढची आवृत्तीही आवडीनं खाल्ली. लाल भोपळा झाला, कडुलिंबाचा रस झाला. पुण्यातल्या मुलीनं ऑनलाइन एक डबा पाठवला. डब्यावर हसऱ्या कुत्र्याचं चित्र होतं. का हसतंय ते पुढं कळलं.

एका जुन्या जाणत्यानं नाक घासायचा उपाय सांगितला. म्हणजे मान धरायची, नाक त्यात घासायचं आणि ‘हे काय? हे काय?’ असं ओरडायचं. हा उपाय महाराष्ट्रात सर्वत्र लोकप्रिय आहे आणि मला तो कधीच समजला नाही. जो पदार्थ त्यानं खाऊ नये तोच मालक स्वतः मान धरून त्याच्या तोंडाशी नेतोय! कुत्र्याच्या जागी मी असतो तर हा आग्रह समजलो असतो. शिवाय ओरडण्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणूस आला की घाई करायची. जे आधी चवीनं खायचं ते मग न चावता गिळायला लागतं. पुरावा नष्ट करण्याची ही पद्धत कुत्र्यांनी शोधलेली नाही, पण त्यांना ती लवकर जमते.

भाषेचाही प्रयोग झाला. पिल्लू मुधोळचं, त्याला ‘सोड’ कसं कळणार, असा मुद्दा उमदीकडच्या एका पाहुण्यानं काढला. मग गुरुजी कुंपणाशी उभे राहून ‘बिडु! बिडु!’ म्हणून कानडीत ओरडायला लागले. सुलतान दोन्ही भाषांत सारखाच बहिरा निघाला.

खरं तर जतच्या कुत्र्यानं ही गोष्ट वाईट समजावी याला आधारच नाही. त्याच्या बाजूनं बघा. इथं शेणानं अंगण सारवतात, त्याच्या गोवऱ्या थापून भिंतीवर मांडतात. धनगराचा कळप रानात रात्रभर बसवायचा असेल तर शेतकरी वर धान्य नाहीतर रोख देतो. कशासाठी, तर मेंढ्या सकाळी उठून जातील तेव्हा मागं लेंड्या राहाव्यात म्हणून. डाळिंब आणि द्राक्षांच्या बागांना लेंडीखत ट्रॅक्टर भरभरून जातं, त्याचे सौदे होतात, ते उधारीवर मिळत नाही. एवढी मोठी, चष्मा लावणारी माणसं ज्या वस्तूसाठी भांडतात, ती फुकट समोर पडलेली असताना सोडून द्यायची म्हणजे पिल्लाच्या दृष्टीनं निव्वळ आळस.

आणि शास्त्रही बरंचसं त्याच्याच बाजूचं आहे. कुत्री व्याल्यावर पहिले काही आठवडे पिल्लांचं सगळं स्वतः चाटून साफ करते. बिळात घाण नको, वास नको, शत्रूला माग नको. म्हणजे सुलतानानं जगात आल्या आल्या पाहिलेलं पहिलं घरकाम हेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाच्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर हजारो कुत्रेमालकांना प्रश्न विचारले आणि २०१८ साली निष्कर्ष छापले. सुमारे १६ टक्के कुत्री या बाबतीत सराईत निघाली, म्हणजे सहांत एक. त्यातली बहुतेक ताजाच माल घेतात, दोन दिवसांच्या आतला. हार्ट यांचा अंदाज असा की हे लांडग्यांकडून आलंय : विष्ठेतली जंतांची अंडी रोगकारक व्हायला काही दिवस लागतात, तेव्हा बिळाजवळ पडलेलं ताजं ताजं संपवून टाकलं की कळप सुरक्षित. स्वच्छतेचंच काम, फक्त पद्धत आपल्याला न झेपणारी. सगळ्यात दिलासा देणारा आकडा मात्र वेगळा आहे. बाजारात मिळणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांचं यश शून्य ते दोन टक्के निघालं. डब्यावरचं कुत्रं हसत होतं ते यालाच.

हे मी गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, “सहांत एक असेल हो, पण तो एक आमच्याच घरी का?” यावर शास्त्राकडं उत्तर नाही.

उरतो एकच उपाय, आणि तो कुणालाच आवडत नाही, कारण त्यात कुत्र्यानं काही करायचं नसतं. पिल्लाला दोरीला धरून न्यायचं, त्याचं होईपर्यंत उभं राहायचं, झालं रे झालं की त्याला हाक मारून काहीतरी चांगलं खायला द्यायचं आणि तो ते खातोय तोवर सुपलीनं मागचं उचलून टाकायचं. अंगणात पदार्थच नसेल तर खाणार काय? सगळी साधना माणसाची. संत नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले असं सांगतात, कोरडी भाकरी त्याला लागेल म्हणून. गुरुजी सुपली घेऊन धावायला लागले. पण नामदेवांच्या पुढं धावणारं कुत्रं कारवान जातीचं नसावं.

हाक मारून बक्षीस द्यायचं यातही एक गोम निघाली. वैनींच्या स्वयंपाकघरात अंड्याला मज्जाव, म्हणून परसात स्टोव्ह लावून गुरुजी सुलतानासाठी अंडं उकडत. आधी त्यांचा रिवाज असा की तोंडातलं टाकलं की अंड्याचा तुकडा. सुलतानानं थोड्याच दिवसांत हिशेब ओळखला. तो आता पदार्थ खात नसे. तोंडात धरून थेट गुरुजींच्या खुर्चीशी आणून ठेवी आणि अंड्याची वाट बघत बसे. मुधोळची जात व्यापारात एवढी हुशार असेल असं टपाल खात्यालाही वाटलं नसावं. मग बक्षीस द्यायची वेळ बदलावी लागली : तोंडात धरण्याआधी, उरकल्याबरोबर.

तरी खाणं पुरतं सुटेना. शेवटी वैनींनी निर्वाणीचं सांगितलं, “त्याला डॉक्टरला दाखवा, न्हाईतर मी पुण्याला जाते.” तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात जायचं ठरलं. मी सोबतीला.

जनावरांच्या दवाखान्यात कुत्रं नेणं हे जतमध्ये अजून थोडं ओशाळवाणं आहे. तिथं खरी जनावरं येतात. लाळ्या-खुरकुतीची लस घ्यायला म्हशी, आंत्रविषाराची घ्यायला मेंढरं, खुरात काटा मोडलेले खिल्लार बैल. लम्पीच्या साथीनंतर तर लस हा शब्द वस्तीवस्तीवर पोचला. आमच्या पुढं एक माडग्याळचा मेंढा होता. माडग्याळ मेंढीचं नाक पोपटाच्या चोचीगत बाकदार असतं; त्यामुळं समोरच्याला तुच्छ लेखायला तिला वेगळं काही करावं लागत नाही. मेंढ्यानं सुलतानाकडं पाहिलं, मग गुरुजींच्या हातातल्या लोकरीच्या शालीकडं पाहिलं. मेंढ्याचे मालक, पागोटंवाले मामा, त्यांनीही पाहिलं.

“काय झालंया पिलाला?”

गुरुजींनी आवाज खाली आणून सांगितलं.

“हात्तिच्या!” मामा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. “आमची समदी कुत्री लहानपणी ह्येच खात्यात. लेंड्या खाऊन खाऊन वाघ झाल्यात वाघ. त्याला कशापायी डॉक्टर?”

“सगळी वाघ होतात?” मी विचारलं.

मामांनी जरा वेळ घेतला. “जगली ती हुत्यात की.”

न जगलेल्यांची साक्ष कोण काढणार? आमच्याकडं कुत्र्याच्या पिल्लांबद्दलचा सगळा अनुभव हा असाच जगलेल्यांकडून आलेला असतो. पावसाळ्यात अर्धं वेत उलट्या आणि रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत संपतं. लोक म्हणतात दृष्ट लागली, गारठा लागला, ‘गॅस्ट्रो’ झाला. त्याचं नाव बहुतेक वेळा पार्वो असतं. हा विषाणू कुत्र्यांना तसा नवाच. १९७८ च्या सुमारास तो उघडकीला आला आणि बघता बघता जगभर गेला. हगवणीतून बाहेर पडतो आणि मातीत महिनोन्‌महिने, सावली असेल तर वर्षभरही, टिकून राहतो. कोरोनापासून घराघरांत पडलेल्या सॅनिटायझरला तो जुमानत नाही, फिनाईलचाही भरवसा नाही. त्याला ब्लीच लागतं. म्हणजे चपलेच्या तळाला लागूनसुद्धा तो घरात येऊ शकतो. आणि सुलतान तर तोंड उघडूनच बाहेर पडत होता.

डॉक्टरांचा एक हात त्या वेळी खांद्यापर्यंत एका म्हशीत होता. त्या अवस्थेत त्यांनी गुरुजींची पूर्ण कहाणी ऐकून घेतली. व्याही, विहीणबाई, पोह्यांची बशी, सगळं. मग हात धुऊन आले.

“पुस्तक आणलंय का?”

गुरुजींनी लसीचं पुस्तक काढलं. मामा मान लांब करून बघू लागले. धर्मराजाला स्वर्गाच्या दारात कुत्रं सोडून ये म्हणून सांगितलं गेलं, पण त्याचं पुस्तक तिथंही कुणी मागितलं नव्हतं. “कुत्र्याला पुस्तक?” मामा म्हणाले, “आमच्या थोरल्यानं दहावीपतोर येवडी पानं लिवली न्हाईत.”

याची पण फारशी लिहिलेली नव्हती. पहिल्या पानावर मुधोळचा एक शिक्का, खाली पुढची तारीख. ती तारीख केव्हाच होऊन गेली होती.

“दुसरा डोस?”

“घेतलाय की एक,” गुरुजी म्हणाले. “पुन्हा पुन्हा कशाला? माणसाला देवीची एकदाच टोचायचे.”

डॉक्टर बसले. मला वाटतं, हे त्यांना रोज सांगावं लागत असावं, कारण त्यांनी ते शाळेतल्या धड्यासारखं न सांगता भांडणासारखं सांगितलं. पिल्लाला आईच्या चिकातून तिची रोगाशी लढायची ताकद आयती मिळते. ती पिल्लाला काही आठवडे सांभाळते, पण लस आली की तिलाही परकी समजून हाणून पाडते. ही आईची राखण कुणाच्या अंगातून सहाव्या आठवड्याला उठून जाते, कुणाच्या चौदाव्याला. बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी एकेक, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. त्यातला एक तरी बरोबर वेळेला लागतो. त्यात पार्वो, डिस्टेंपर, कावीळ, सगळ्यांचा बंदोबस्त. रेबीजची वेगळी, तीन महिन्यांनंतर, मग पुन्हा बूस्टर. आणि दर थोड्या दिवसांनी जंतांचं औषध, कारण हा जे खातोय त्यातून जंत येणार, आणि पोटात जंत असले की हा आणखी खाणार. भूक पुरत नसली, अन्न पचत नसलं, तरीही असं करतात; म्हणून नमुना तपासून घ्यायचा.

“नमुना कुठनं आणू?” गुरुजी केविलवाणे झाले. “शिल्लकच ठेवत नाही तो.”

“पळा त्याच्या आधी,” डॉक्टर म्हणाले.

लस आणणं हा जतमध्ये आणखी एक उद्योग. ती दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे, आणि आमच्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, वीज येते-जाते. थर्मासात बर्फ घालून, एसटीत मांडीवर धरून, तान्ह्या बाळाच्या वर काळजी घेऊन लस आणणारी माणसं मी पाहिली आहेत. शेजारच्यानं ‘आत काय हो?’ विचारलं तर ते ‘आइस्क्रीम’ म्हणतात. कुत्र्याची लस म्हटलं की अख्खी गाडी वळून बघते.

रेबीजचं मात्र कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जुन्या माणसांच्या पोटालाच ते आठवतं. मेंदूच्या ऊतींपासून बनवलेली ती जुनी सेंपल लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीपर्यंत बनत होती. बेंबीभोवती चौदा सुया. रांगेतल्या प्रत्येकाला तसा एकेक चुलता होता. आता चावा बसला तर दंडात चार-पाच सुयांत भागतं. जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. पण त्या जखमेवरही तिखट, हळद, चुना चोळणारे अजून आहेत. तिखटावरचा आमचा विश्वास अढळ आहे. ते सगळीकडं टाकून बघतो.

सुलतानाला सुई टोचली. तो ओरडला नाही. गुरुजी ओरडले. डॉक्टरांनी पुस्तकावर शिक्का मारला, पुढची तारीख लिहिली आणि सांगितलं, सगळे डोस होऊन दोन आठवडे जाईपर्यंत याला रस्त्यावर, मैदानात, दुसऱ्यांच्या कुत्र्यांत सोडायचं नाही.

गुरुजींनी तारीख बघितली. “त्या दिवशी तर यल्लम्माची यात्रा. घर भरून पाहुणे असणार. एक-दोन आठवडे इकडं-तिकडं झालं तर चालेल ना? परत ते खायला लागला तर मात्र लगेच घेऊन येतो. रात्री-अपरात्री आलो तर चालेल का?”

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं, पण हातात दिलं नाही.

“गुरुजी, तुमच्या व्याह्यांचा नंबर आहे का माझ्याकडं?”

“नाही. का हो?”

“देऊन ठेवा. त्या तारखेला तुम्ही आला नाहीत, तर याचा व्हिडिओ काढून त्यांना पाठवतो.”

गुरुजींनी जागच्या जागी मोबाईल काढून तारखेचा अलार्म लावला. मामांनी पुढं होऊन विचारलं, “आमच्या धा कुत्र्यांचं मिळून एक पुस्तक हुईल का, सायेब?”